सिद्धहस्तांचे ढगळ बूट

"वाढला! वाढला! पाय वाढला!"

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला. जिना अरुंद, पंखे दोनच, आणि माणसं एवढी की एक शिंकला तर तिघांनी रुमाल काढावेत. समोर फळ्यांचं व्यासपीठ, त्यावर एक खुर्ची, खुर्चीत एक बसचालक आणि त्याचे दोन्ही पाय हातांत धरून बसलेले सिद्धहस्त महाराज. क्षणापूर्वी चालकाचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर तोकडा होता. सगळ्यांनी पाहिला होता. सिद्धहस्तांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले, आणि तो पाय सावकाश, तेल लावल्यासारखा पुढे येत उजव्याच्या बरोबरीला थांबला. टाळ्या. पुढच्या रांगेतल्या दोन बायका रडायलाच लागल्या.

"कंबर?" सिद्धहस्तांनी विचारलं.

"हलकी वाटतेय, महाराज!"

"वाटणारच. वाटी जाग्यावर आली."

वाटी हा इथला परवलीचा शब्द. कंबर दुखो, जांघ दुखो, ओटीपोट दुखो, निदान एकच: वाटी सरकली. कोणती वाटी, कुठून सरकली, इतके दिवस कुठे होती, हे विचारायचं नाही. वाटी सरकली की पाय तोकडा होतो, पाय ओढून वाढवला की वाटी परत येते. लोक लग्नात भांडीकुंडी घेऊन संसार थाटतात. या माणसाने एका वाटीवर थाटला होता.

मी शेवटच्या रांगेत माझ्या चौदा वर्षांच्या लेकीचा हात घट्ट धरून उभी होते.

"आई, घाम येतोय तुझ्या हाताला," ती कुजबुजली. "सोड ना. मला चिकटपट्टी तपासायचीय."

चिकटपट्टीचं पुढे सांगते. आधी दुखण्याचं सांगायला हवं.

माझी लेक जाड आहे. हे मीच सांगून टाकते, कारण तिला भेटणारा प्रत्येक जण तेच पहिल्यांदा सांगतो. जणू तिच्या घरी आरसाच नाही. वर्षभर तिला ओटीपोटात खाली आणि जांघेत दुखत होतं. शाळेच्या बाकावर बसलं की कळ यायची. लघवीला जाऊन आली तरी पुन्हा जावंसं वाटायचं. आधी खेळाचा तास सुटला, मग सहल, मग शाळेचे सलग दिवस. आणि दुखतं म्हटलं की शेजारीण, वर्गशिक्षिका, औषधांच्या दुकानातला माणूस, सगळ्यांचं एकच उत्तर: "वजन कमी करा." उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी रिकाम्या वेळी दुखण्यांची नावं वाचत बसायचे आणि प्रत्येक नाव माझ्या लेकीला लागू पडतंय असं वाटायचं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. वर म्हणाले, "खुब्याचा एक्स-रेही काढू. या वयात, वजन जास्त असलं तर, मांडीच्या हाडाचा गोळा खुब्यात सरकू शकतो. तसं काही नाही ना, एवढं बघून घेऊ."

तसं काही नव्हतं. पण त्या दिवशी माझ्या नणंदबाई, ताई, सोबत होत्या. त्या लेकीवर जीव टाकतात, फक्त ऐकतात अर्धं. डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातून ताईंनी एकच शब्द उचलून पदरात बांधला: सरकू शकतो.

डॉक्टरांनी आम्हाला फिजिओथेरपीला पाठवलं. दवाखान्याच्या मागच्या बाजूची लांबट खोली: चटया, भिंतीला दांडी, एक मोठा रबरी चेंडू, टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा. तिथल्या मॅडमनी मला खुर्ची दिली आणि प्रश्न लेकीला विचारले. लेकीने आधी खोलीभर नजर फिरवली.

"वजनकाटा कुठाय?"

"या खोलीत नाही. श्वास घेऊन दाखव बरं. पोट कुठे जातं?"

"आत."

"श्वास घेताना आत?"

"मग? सगळे सांगतात ना, पोट आत घे. आत्या, फोटो काढणारे काका, खेळाच्या बाई." तिने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "मी झोपेतसुद्धा आत घेते बहुतेक."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तो सांगाडा उचलला आणि त्याच्या तळाशी आपला तळवा खोलगट करून धरला. "इथे, खाली, स्नायूंची अशी एक वाटी असते. मूत्राशय, गर्भाशय, सगळं ती तोलून धरते. तू पोट आवळतेस तशी तीही आवळते. मूठ दिवसभर वळून ठेवलीस तर हात दुखेल की नाही? ही वाटी तशीच दुखतेय."

"म्हणजे माझ्या चरबीमुळे नाही?"

"वजनाचा भार सांध्यांवर येतो, ते खोटं नाही. तेही तुझे डॉक्टर आणि आपण मिळून सावकाश बघू. पण भार म्हणजे गुन्हा नव्हे. आणि दुखणाऱ्या माणसाला आधी पळायला लावत नाहीत."

मग सुरू झालं ते फारच साधं, चमत्काराच्या दृष्टीने अगदी टाकाऊ. चटईवर पडायचं, पोटावर हात ठेवायचा, श्वास आत जाताना हात वर उचलला जाऊ द्यायचा. उठताना श्वास सोडायचा. मांड्यांना आणि नितंबांना ताकद येईल असे व्यायाम. संध्याकाळी जमेल तेवढं चालणं. आणि एक खेळ: डोळे मिटून सांगायचं, आत्ता काय आवळलंय, काय सैल आहे, बुडाचा भार कुठे आहे, टाच कशाला टेकलीय. या खेळात लेक लवकरच पटाईत झाली. जेवताना मध्येच म्हणायची, "बाबा, तुमचा जबडा आवळलाय."

हळूहळू तिला अर्धा तास बसता येऊ लागलं. मग परीक्षा आली. चिंतेने पुन्हा पोट आत गेलं आणि कळ परतली. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, असे दिवस मधूनमधून येतील. पण ताईंचा धीर सुटला. मी कामावर असताना त्या तिला सिद्धहस्तांकडे घेऊन गेल्या.

संध्याकाळी पाहते तर लेकीच्या कमरेला चार बोटं रुंद, करकचून आवळलेला पट्टा.

"मंतरलेला आहे," ताई म्हणाल्या. "तिचा एक पाय एवढा तोकडा होता, अगं! तुझ्या त्या मॅडमना कधी दिसला का? महाराजांनी माझ्या डोळ्यांदेखत वाढवला. आता फक्त पट्टा बांधायचा आणि पोट आत ठेवायचं, म्हणजे वाटी परत सरकणार नाही."

ज्याच्यामुळे दुखत होतं, तेच औषध म्हणून बांधून दिलेलं. तरी पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. मग दुखणं असं उसळलं की ती भिंतीला धरून चालू लागली. ताईंनी महाराजांना फोन केला, आवाज मोठा ठेवून. पलीकडून मधात घोळलेले शब्द आले: "माझ्या उपचारात खोट नाही, माई. मुलीचं शरीर जड आणि श्रद्धा हलकी. इतकं ओझं घेऊन आल्यावर कृपा तरी किती उचलणार?"

दारात लेक उभी होती. तिने ते ऐकलं.

"आई," ती नंतर म्हणाली, "आता मॅडमकडेही नको. जादूनेसुद्धा जमत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी वाईट आहे."

एक ढोंगी माणूस माझ्या पोरीला तिच्याच देहाविरुद्ध साक्षीदार म्हणून उभं करून गेला होता. मला त्या माणसाचं नरडं धरायचं होतं. पण मी भांडले असते तर सिद्धहस्त जिंकले असते: आईने अडवलं म्हणून वाटी जाग्यावर आली नाही. मी तिला कसंबसं मॅडमकडे नेलं, पट्ट्यासकट.

मॅडमनी पट्टा सोडवला. महाराजांबद्दल चकार शब्द काढला नाही. लेकीला चटईवर सरळ झोपवलं आणि टेप लावून कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. सारखे. लेकीने स्वतः टेप धरून पुन्हा मोजून घेतले. तरीही सारखे.

"मग तिथे तोकडा का दिसला?" तिने विचारलं.

"तू होतीस तिथे, मी नव्हते. डोळे मीट आणि आठव. बूड कुठे होतं?"

लेकीने डोळे मिटले. मग तिच्या भुवया एकदम वर गेल्या.

"खुर्चीवर प्लॅस्टिक होतं. दुकानातून आणल्यावर असतं ना, ते काढलंच नव्हतं. एकदम घसरडं. त्यांनी दोन्ही पाय उचलले आणि हळूच एका बाजूला नेले. बूडपण थोडं वळलं. पाय परत मधे आणले तेव्हा तेही परत वळलं." ती उठून बसली. "आणि बूट! ते आपल्या चपला काढायला लावतात आणि त्यांचे बूट घालायला देतात. सगळ्यांना एकच माप, ढगळ. आधी माझी एक टाच बुटाच्या तळाला लागत नव्हती, आई! त्यांनी तो बूट जरा पुढे ओढून धरला होता. मग प्रार्थना करता करता आत दाबत गेले. पाय जिथल्या तिथेच होता. आधी एक बूट पुढे होता, नंतर दोन्ही सारखे झाले."

एवढं आठवून ती जी हसली, ते हसू मी वर्षभर पाहिलं नव्हतं.

घरी आम्ही प्रयोग मांडला. बैठकीच्या खुर्चीवर कचऱ्याची पिशवी अंथरली, नवऱ्याला त्याचेच पावसाळी बूट घातले आणि लेक सिद्धहस्त झाली. "हे विश्वऊर्जे, या कारकुनाच्या तंगड्या समान कर!" एका संध्याकाळात माझ्या नवऱ्याचा पाय इतक्यांदा वाढला की खरंच वाढला असता तर दाराची चौकट उंच करावी लागली असती.

ताई मात्र तोंड फुगवून बसल्या. "ही तुमची नक्कल. नोटांचीही नक्कल होते, म्हणून खरी नोट खोटी ठरते का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "बरोबर आहे, आत्या. मग खरी ओळखायची कशी ते तूच सांग. बुटाची कड आणि मोजा यांच्यावर मी चिकटपट्टी लावते. पाय खरंच वाढला तर बूट पायाबरोबर जाईल, पट्टीला काही होणार नाही. बूटच सरकला तर पट्टी सुटेल. लावू?"

ताईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "लाव. महाराजांना कशाची भीती?"

म्हणून आम्ही त्या मजल्यावर आलो होतो. ताई पहिल्या रांगेत, मी मागे. ज्यांची पाळी पुढे आहे अशा दोघांना आधीच बूट देऊन ठेवायची पद्धत होती, त्यामुळे लेकीला पट्टी लावायला वेळ मिळाला. लेकीच्या आधी आमच्या गल्लीतल्या बेकरीवालीची धाकटी मुलगी होती, तीही अंगाने भरलेली. लंगडत होती, पाऊल बाहेरच्या बाजूला फिरलेलं. "गुडघा दुखतो हो हिचा," बेकरीवाली मला म्हणाली होती. "किती वेळा ओढून घेतला, महाराज म्हणतात वाटी हट्टी आहे." गुडघ्यालाही वाटी असतेच, त्यामुळे तिला निदान अगदी पटलं होतं. सिद्धहस्तांनी त्या पोरीचा पाय आमच्यासमोर ओढला. ती कळवळली. "विकार बाहेर पडतोय," महाराज म्हणाले. टाळ्या.

मग माझी लेक प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली.

"पुन्हा आलीस, बाळ?" सिद्धहस्तांनी गर्दीकडे पाहत उसासा टाकला. "पाहा हो, केवढा हा भार! या वयात! पण आम्ही कुणाला परत पाठवत नाही."

काही लोक हसले. लेकीने एक लांब श्वास घेतला, आणि मला शेवटच्या रांगेतूनही दिसलं: तिचं पोट बाहेर आलं. शंभर डोळ्यांसमोर, तिने ते आत घेतलं नाही.

सिद्धहस्तांनी पाय उचलून हळूच डावीकडे नेले. ती तसूभर वळली नाही. बूड रोवून बसण्याची ताकद तिने चटईवर कमावली होती.

"अंग सैल सोड, बाळ."

"सैलच आहे, महाराज. मी ते शिकलेय."

पुन्हा प्रयत्न. खुर्ची करकरली, पोरगी हलेना. महाराजांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांची बोटं उजव्या बुटाच्या टाचेवर गेली.

"हे विश्वऊर्जे—"

चर्रर्र.

टेबलावरून चिकटपट्टी ओढावी तसा आवाज. पुटपुटणं थांबलं. लेकीने वाकून विजारीची कड वर केली. पट्टीचं एक टोक मोज्याला चिकटलेलं, दुसरं हवेत लोंबतंय, आणि बूट पुढे निघून आलेला.

"आत्या, बघ," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "सरकली ती वाटी नाही. सरकला तो बूट."

"ही पट्टी!" सिद्धहस्त उसळले. "हिच्यात रसायन असतं! ऊर्जेचा प्रवाह तोडला या पोरीने!"

काय ती विश्वऊर्जा! ग्रहतारे फिरवते म्हणे, आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या गुंडाळीपुढे हात टेकते.

ताई उठल्या. मला वाटलं, आता पोरीवरच तुटून पडणार. त्या सरळ व्यासपीठाजवळ गेल्या, लोंबती पट्टी बोटाने हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "मग बूट काढून करा, महाराज."

"अनवाणी पायातून ऊर्जा गळते, माई."

"गळते?" मघाचा बसचालक मागून ओरडला. "मी घरी अनवाणीच असतो हो! मग आज वाढवलेला पाय घरी जाऊन गळणार का?"

हशा उठला. आणि एकदा लोक हसले की ढोंग्याचं दुकान उठतं. शिव्यांनी ते एक वेळ चाललं असतं. सिद्धहस्त "अपवित्र वातावरण, अपवित्र वातावरण" करत मागच्या दाराने गेले. घाईत स्वतःच्या चपला विसरले.

बसचालक मात्र माझ्याजवळ येऊन खरंच गोंधळून म्हणाला, "पण बाई, मला हलकं वाटलं ते काय होतं?"

"खोटं नव्हतं ते. दिवसभर गाडी चालवून आलात, कुणीतरी प्रेमाने पाय हातात घेतला, तुम्ही अंग सोडलंत. थोडा वेळ बरं वाटणारच. आणि कमरेची कळ येते तशी जातेही. ती जात असताना जो समोर उभा असतो, तो श्रेय घेतो."

बेकरीवाली तिथेच खिळली होती. "मग माझ्या लेकीचा गुडघा?"

मला डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं, सगळंच्या सगळं. "आजच्या आज डॉक्टरांकडे न्या. आणि खुब्याचा एक्स-रे काढायचा का, हे नक्की विचारा. तोवर तिला चालवू नका, ओढू तर मुळीच नका."

एक्स-रेत दिसलं: मांडीच्या हाडाचा गोळा खुब्यात सरकला होता. दुखणं तिथलं, कळ उतरत होती गुडघ्यात. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते असं. लगेच शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावा लागला. असं ओढत, चालवत राहिले असते तर खुबा कायमचा जाऊ शकला असता, असं शल्यचिकित्सक म्हणाले. सरकली, सरकली म्हणून इतके दिवस बोंबलणाऱ्या त्या माणसाच्या हातात खरोखर सरकलेलं एकच हाड आलं, आणि तेवढंच त्याला कळलं नाही.

माझी लेक एका दिवसात बरी झाली नाही. होत नसतात. ती अजून मॅडमकडे जाते, अजून काही दिवस वाईट जातात. पण आता ती आख्खा तास बाकावर बसते आणि सहलीला गेली होती. परवा घरात सगळ्यांचा फोटो काढायचा होता. ताईंनी सवयीने तोंड उघडलं, "पोट आ—", आणि जीभ चावली. मग दरडावून म्हणाल्या, "श्वास घ्या रे सगळ्यांनी!" त्या फोटोत आम्हा सगळ्यांचीच पोटं बाहेर आहेत.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. आपलं लेकरू कळवळत असलं की विचार पांगळा होतो, हे मला ठाऊक आहे. अशा माणसांचा धंदा त्या पांगळेपणावरच चालतो. पण खऱ्या उपचाराला प्रश्नांची भीती नसते. मॅडमनी माझ्या लेकीच्या हातात टेप दिला आणि म्हणाल्या, तूच मोज. उद्या तुमच्यासमोर कुणी रोग ओढून काढू लागला, हाड वाढवू लागला, तर श्रद्धा-अश्रद्धेचा वाद घालत बसू नका. हात जोडा हवे तर, आवाजही नम्र ठेवा. फक्त म्हणा:

"महाराज, बूट काढून करा."